ओमानमधल्या दुक्मच्या रस्त्यावर आईसाठी सावली धरणाऱ्या भाऊंना

भाऊ,

सप्रेम नमस्कार आणि सलाम.

हे पत्र मराठीत आहे. माझा दादा ते तुमच्या थोरल्या मुलाला फोनवर हिंदीतून वाचून दाखवणार आहे, आणि तो घरात सगळ्यांना अरबीतून सांगेन म्हणालाय. मला जे म्हणायचंय ते दुसऱ्या कुठल्या भाषेत माझ्या तोंडून नीट निघणार नाही. शिवाय तुम्ही त्या दिवशी काय केलंत ते आमच्याकडच्या माणसांनाही कळायला हवं. तुमचं नाव मात्र लिहीत नाही. निघताना दादाने फोटोसाठी मोबाईल वर केला तेव्हा तुम्ही हसून हात आडवा धरलात, ते लक्षात आहे.

आम्ही मस्कतहून सलालाला निघालो होतो. आतल्या वाटेने, आदम-हैमा-थुमरैतवरून गेलं तर सुमारे १००० किलोमीटरचा सरळ रस्ता आहे. दादा ओमानात नोकरीला आहे, त्याने तो बऱ्याचदा पालथा घातलाय. पण या खेपेला सोबत आई होती. आई देवगडची. समुद्र नजरेआड झाला की ती गप्प होते. म्हणून लांबचा पडला तरी किनाऱ्याचाच रस्ता धरायचा असं ठरलं, आणि तो रस्ता इतका देखणा निघाला की गाडीत कुणी डोळा मिटला नाही. कुरियात सोडलं की एका हाताला हजरचे उघडेबोडके डोंगर आणि दुसऱ्या हाताला पाणी. बिम्माला चुनखडीचं छत कोसळून झालेला तो प्रचंड खड्डा, तळाशी हिरवंनिळं पाणी. वादी शाब या दरीच्या तोंडाशी खजुरीची बनं. कल्हातला बीबी मरियमची एकटी उभी कबर आणि भोवती पडझड झालेलं सगळं शहर, ज्याला २०१८ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. याच बंदरातून एके काळी अरबी घोडे हिंदुस्थानात जात. मार्को पोलोने ते लिहून ठेवलंय, इब्न बतूताही इथे येऊन गेला.

सूरला आई जास्त रमली. तिथे अजून लाकडी जहाजं बांधतात, आणि त्यासाठी साग पिढ्यान्‌पिढ्या आपल्या मलबारातून जात आलाय. माझे आजोबा गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते. आई त्या अर्ध्या बांधलेल्या जहाजाच्या फळ्यांवरून हात फिरवत उभी राहिली, तर तिथल्या एका कारागिराने काही न विचारता तिला बसायला ओंडका पुढे सरकवला. रास अल जिंझला रात्री अंधारात चालत जाऊन हिरव्या कासवाची मादी वाळूत अंडी घालताना पाहिली. पुढे अल अश्खराच्या खाली वहिबाचं वाळवंट थेट समुद्राला भिडतं. डावीकडे लाटा, उजवीकडे वाळूच्या टेकड्या आणि वाऱ्याने रस्त्यावर सरसरत जाणारी वाळू. तिथल्या पेट्रोल पंपावर एका अनोळखी म्हाताऱ्या गृहस्थांनी आईच्या ओंजळीत खजूर ठेवले आणि आपल्या वाटेने निघून गेले. चहाच्या टपरीवर आमचे पैसे कुणीतरी आधीच देऊन गेलेलं असायचं. म्हणजे तुमच्या देशातली माणसं कशी आहेत याची चुणूक तुम्ही भेटायच्या आधीच मिळाली होती.

दुक्मला मुक्काम करून सकाळी आम्ही दक्षिणेला निघालो आणि रास मद्रकाचा फाटा यायच्या आत गाडी बंद पडली. कशाने, काय तुटलं, त्यात शिरत नाही. गाडी भाड्याची होती आणि ती पुन्हा सुरू होईना, एवढं पुरे.

त्या भाड्याच्या कंपनीबद्दल मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही. गाडी घेताना काउंटरवरच्या माणसाने, देशात कुठेही अडकलात तरी आमची मदत पोचेल असं छातीठोक सांगितलं होतं. त्या मदतीचे वेगळे पैसेही घेतले होते. दादाने फोन लावला. एका बाईंनी गाडीचा नंबर, कराराचा नंबर, लायसन्सचा नंबर सगळं लिहून घेतलं, थांबा म्हणाल्या आणि फोन कट झाला. पुन्हा लावला तर दुसरं माणूस, पुन्हा सगळे नंबर पहिल्यापासून. शेवटी कुणी साहेब आले आणि म्हणाले की आज शुक्रवार, सुट्टी आहे, आणि तो भाग आमच्या मदतीच्या हद्दीत येतच नाही. दादा सांगत होता की सोबत शहात्तर वर्षांची आई आहे, तिला रक्तदाबाचा त्रास आहे, गाडीतला एसी बंद आहे, आसपास झाड नाही, घर नाही. पलीकडून उत्तर आलं, नोंद करून ठेवतो. मला त्या माणसाचा चेहरा माहीत नाही, पण तो थंड आवाज अजून कानात आहे. ज्याने पैसे घेतलेत, ज्याचं ते कामच आहे, त्याला एका म्हाताऱ्या बाईचं काय होईल हा प्रश्न क्षणभरही पडू नये, याचा मला आजही संताप येतो. आणखी एक गाडी जवळ येऊन हळू झाली. आतली माणसं आमच्याच देशातली होती. काच खाली झाली, काय झालं म्हणून विचारलं, आणि पुढे उशीर होतोय म्हणून ते निघून गेले. पाण्याची बाटलीसुद्धा पुढे केली नाही.

एप्रिलचं ऊन होतं. तुम्हाला तो माळ रोजचा. आम्ही तो पहिल्यांदा पाहत होतो. खडी, पांढरट माती, नजर पोचेल तिथवर सपाट. समुद्र जवळ असूनही वारा यायचा तो तापलेला. त्यातून आईची संकष्टी. चहा आणि पाणी यापलीकडे चंद्रोदयापर्यंत ती काही घेणार नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. वहिनी तिला ओल्या ओढणीने पुसत होती. आई म्हणत होती, "माका काय होना नाय, तुमी घाबरू नको," आणि आम्ही सगळे तिच्या ओठांकडे बघत होतो.

तेव्हा तुम्ही आलात. तुम्ही समोरून, किनाऱ्याकडून दुक्मला चालला होतात. तुमच्या पिकअपमध्ये बर्फाच्या पेट्या होत्या, पहाटे पकडलेल्या शेवंडी, म्हणजे लॉबस्टर होते. आम्हाला ओलांडून पुढे गेलात, मग वळून परत आलात. "अस्सलामु अलैकुम" म्हणालात, दादाशी हात मिळवलात, आणि बॉनेटकडे जायच्या आधी मागच्या खिडकीतून आत पाहिलंत. तिथे आई होती.

भाऊ, तुम्ही नंतर आमच्यासाठी खूप केलंत. दुक्मच्या तुमच्या ओळखीच्या मेकॅनिकला सुट्टीच्या दिवशी घरातून उठवलंत, तो गाडीला लागणारा सुटा भाग कुठूनसा मिळवून संध्याकाळी घेऊन आला. आम्हा सगळ्यांना रात्री घरी नेलंत. यातली एकेक गोष्ट आभार मानावेत अशीच आहे. पण मी हे पत्र लिहायला बसले ते एका वेगळ्याच गोष्टीसाठी, आणि ती तुमच्या लक्षातही नसेल.

आई बंद गाडीत भाजून निघत होती म्हणून तुम्ही तिला बाहेर बसवायला सांगितलंत. तुमची पिकअप आमच्या गाडीच्या बाजूला, उन्हाच्या अंगाला अशी आणून लावलीत की तिची सावली बरोबर दोन गाड्यांच्या मधे पडावी. तिथे चटई अंथरलीत. आई त्या सावलीत पाठ टेकून बसली. मला वाटलं, झालं, जागेची सोय झाली. तुम्ही दादाबरोबर फोनाफोनीला लागलात.

थोड्या वेळाने तुम्ही बोलणं अर्धवट सोडून पिकअपमध्ये बसलात आणि ती हातभर पुढे घेतलीत. मला कळलं नाही का ते. मग पाहिलं, तर ऊन आईच्या पावलांवर आलं होतं. तुम्ही गाडी हलवली तशी पावलं पुन्हा सावलीत गेली. तुम्ही काही बोलला नाहीत, आमच्याकडे पाहिलंही नाहीत, उतरलात आणि पुन्हा फोनवर बोलायला लागलात.

मग हे चालूच राहिलं. सूर्य चढत होता, सावली आखडत होती, आणि तुमचं लक्ष कुठेही असलं तरी एक डोळा त्या सावलीच्या कडेवर होता. ऊन आईच्या बोटांना शिवलं की तुम्ही उठायचात. दुपारी सूर्य पार डोक्यावर आला तेव्हा पिकअपची सावली पिकअपच्याच पोटाखाली गेली. मी मनात म्हटलं, आता काय? तर तुम्ही मागून शेवंडीच्या पेट्यांवरची ताडपत्री काढलीत. एक बाजू पिकअपला बांधलीत, दुसरी आमच्या गाडीच्या टपाला. वारा ती फडफडवत उचलायला लागला तेव्हा दगड गोळा करून एकेक टोक दाबलंत. एक टोक काही केल्या राहीना, तर तुमचा धाकटा ते हातात धरून उभा राहिला, आणि तो दमला की तुम्ही. दुपार कलली तशी ताडपत्री सोडलीत, पिकअप दुसऱ्या अंगाला आणून लावलीत, आणि पुन्हा तेच, ऊन सरकेल तशी गाडी सरकवणं.

आईने हे सगळं माझ्याआधी टिपलं होतं. मला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "बघलंस मगो? सावळी सरकली काय तो गाडी सरकयता. कोण खयचो झील, पण माका ऊन लागूक देना नाय." आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझी आई रडणारी बाई नाही. बाबा गेले तेव्हाही तिने आधी आम्हाला सावरलं. त्या माळावर मात्र ती पदराने डोळे पुसत बसली होती.

मी तेव्हापासून यावर फार विचार केला आहे. मेकॅनिक बोलावणं ही मदत आहे, आणि भला माणूस ती करतो. पण मेकॅनिक येईपर्यंतच्या त्या सगळ्या तासांत एका परक्या म्हातारीच्या पायाच्या बोटांपर्यंत ऊन कधी पोचतंय याकडे लक्ष ठेवायचं, तेही कुणी सांगितलं नसताना, कुणाला दाखवायचं नसताना, हे कुठून येतं? तुमच्या मुलाला तुम्ही एका शब्दानेही सांगितलं नव्हतं की टोक धर. त्याने आपणहून धरलं. म्हणजे तुमच्या घरात हे रोजचंच असणार.

आमच्या कोकणातही दाराशी आलेल्या वाटसरूला आधी गूळ-पाणी द्यायचं आणि मग कोण, कुठला ते विचारायचं अशी रीत होती. आईच्या घरी ती अजून आहे. पण आमच्याच मुंबई-गोवा महामार्गावर अपघात झाला की गर्दीतले कितीतरी हात आधी मोबाईल वर धरतात, हेही मी पाहिलंय. त्या गर्दीतल्या माणसांना मी तुमची गोष्ट सांगत सुटलेय. शाळेत शिकवते, तिथेही सांगितली. एका मुलीने विचारलं, बाई, त्यांना तुमच्याकडून काय मिळालं? खरं तेच सांगितलं, की नुकसान झालं.

कारण ते आम्हाला नंतर कळलं. दादाने तुमच्या थोरल्याला फोनवर खोदून खोदून विचारलं तेव्हा. शेवंड पकडायला वर्षातून मार्च आणि एप्रिल एवढेच दोन महिने मोकळीक असते. त्यातला एकेक दिवस मोलाचा. तुम्ही त्या दिवशीचा माल चुलतभावाच्या गाडीतून पाठवलात, तो पोचेपर्यंत व्यापाऱ्याचा बर्फाचा ट्रक निघून गेला होता, आणि दुपारी जे सापळे तपासायचे होते तेही राहिले. आमच्यासमोर तुम्ही यातलं अवाक्षर काढलं नाहीत. दादाने पैसे पुढे केले तेव्हा तुम्ही उजवा हात छातीवर ठेवलात आणि मान हलवलीत. दादा आणखी आग्रह करायला लागला, तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून मीच त्याचा हात मागे घेतला. तुम्ही एवढंच म्हणालात, "उम्मी को बोलो, दुआ करे." आई ती रोज करते.

तुमच्या घरच्या माणसांचे आभार वेगळे मानायला हवेत. आत बायकांच्या खोलीत आम्हाला नेलं, धूपदाणीत लोबान फिरवला, खजूर आले, मग वेलचीची कहवा, म्हणजे अरबी कॉफी. तुमच्या मधल्या मुलीने उभं राहून, उजव्या हाताने एकेकीच्या हातात पेला दिला आणि पेला हलवून दाखवेपर्यंत ती ओतत राहिली. आई काही खात नाही हे पाहून तुमच्या घरच्या वहिनी कावऱ्याबावऱ्या झाल्या होत्या. उपास आहे, चंद्र दिसल्यावर सुटेल, एवढं कळल्यावर मात्र पुढे काही सांगावं लागलं नाही. त्यांनी तिच्यासाठी दूध आणि केळी वेगळी झाकून ठेवली. चंद्र किती वाजता वर येईल हे तुम्ही पंचांग न बघता सांगितलंत, आणि तो त्याच सुमाराला आला. पोरं धावत आत आली, आईला हात धरून अंगणात घेऊन गेली. आईने गणपतीचं नाव घेतलं, हात जोडले, तुम्ही सगळे बाजूला शांत उभे होतात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आम्हाला रस्त्याला लावून दिलंत. शुवैमिया ते हासिक हा डोंगर फोडून काढलेला रस्ता आम्ही तुमच्यामुळे पाहिला. एका बाजूला सरळ कडा, खाली समुद्र, मधे आमची गाडी. हासिकच्या पुढे लोबानाची झाडं दिसली, आदल्या रात्रीचा तुमच्या घरातला वास तो यांचाच, हे आईला सांगितलं. मिरबातला जुन्या व्यापाऱ्यांची पडकी घरं पाहिली. सलालात शिरताना रस्त्याच्या कडेला शहाळी आणि केळीचे घड टांगलेले दिसले तेव्हा आई म्हणाली, हे तर आपलं गाव. सगळं सुंदर होतं. पण आता देवगडला शेजारणी तिला ओमानात काय पाहिलं म्हणून विचारतात तेव्हा ती कासवांचं, डोंगरांचं नंतर सांगते. आधी तुमचं सांगते, हातवारे करून, पिकअप कशी पुढे घ्यायचात, ताडपत्री कशी बांधलीत.

तुम्ही हिवाळ्यात मुंबईला उपचारांसाठी येणार असल्याचं थोरला म्हणाला. मुंबईत आमचं घर आहे आणि ते तुमचं आहे. हॉस्पिटलात कुणाला भेटायचं, कुठे उतरायचं, याची काळजी तुम्ही करायची नाही. दादाला आधी तारीख कळवा, मी रजा टाकून विमानतळावर येते. आई तर देवगडहून आधीच येऊन बसेल.

दादाच्या ऑफिसमधले एक गृहस्थ येत्या आठवड्यात दुक्मला येताहेत, त्यांच्याबरोबर हापूसची पेटी पाठवली आहे. आमच्याच कलमांची आहे, आईने स्वतः निवडून भरली. पेटी उघडली तरी आंबे गवतातच राहू द्या आणि फ्रिजमध्ये ठेवू नका. वरचा थर आधी तयार होईल, खालचा आणखी चार दिवस घेईल. देठाजवळ वास सुटला आणि साल जराशी सैल झाली की फळ तयार झालं समजा. खाण्याआधी थोडा वेळ पाण्यात घालून ठेवा. आणि पहिला आंबा तुमच्या आईंच्या हातात द्यायचा, असा माझ्या आईचा निरोप आहे.

तुमची बहीण,
देवगडच्या आजींची धाकटी